आत्या कडेला

वीस फोटो पाठवले होते. तयार होऊन आलेल्या व्हिडिओत आत्या अकराच फोटोंत होती. उरलेल्या नऊंत आम्ही सगळे होतो, आजोबा होते, वेताची खुर्ची होती, एकात तर शेजाऱ्यांची सायकल होती. आत्या नव्हती. आणि पंच्याहत्तरी तिची.

एका ऑनलाइन दुकानाला पैसे भरून मी हे करून घेतलं होतं. फोटो अपलोड करा, यादीतलं एक गाणं निवडा, दोन दिवसांत आठवणींचा व्हिडिओ घ्या. त्यांच्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक फोटो मधोमध चौकोनी कापला होता, त्यामुळे दोन्ही बाजू उडाल्या. आमच्या घरच्या फोटोंत आत्या कायम कडेला उभी असते. कुणाचं तरी पोर काखेत, नाहीतर हातात पाण्याचा तांब्या, नाहीतर नुसतीच अर्धी, चौकटीतून बाहेर पडायच्या बेतात. कापलेल्या फोटोंवर केकची चित्रं, उडणारे फुगे आणि गिटारवर वाढदिवसाचं इंग्रजी गाणं. माझा मुलगा बघून म्हणाला, "आई, ह्यात कुणाचंही नाव घातलं तर चालतंय की."

तिथंच ठरलं की हे घरी करायचं. हातात सहा आठवडे होते.

आत्याचा वाढदिवस १ जून. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५० आहे. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनलाच असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट तीच तारीख लिहून टाकली. खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही. "पाऊस लागला होता आणि शेजारच्या मागावर नवं सूत चढवलं होतं," एवढंच आजी सांगायची. २०२५ साली १ जून रविवारी येत होता, म्हणजे पुण्या-गोव्याची मंडळीही येऊ शकत होती.

बेळगावच्या शहापुरात आमचं जुनं शिंप्याचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी पायमशीन, आणि मला कळतंय तेव्हापासून मशीनवर आत्या. ब्लाऊज, झगे, शाळेचे युनिफॉर्म, लग्नसराईत रात्र रात्र फॉल-पिको. शेजारी विणकराचं घर, कन्नड बोलणारं. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्या मागाचा ठोका आणि आमच्या मशीनची टकटक एकमेकांत मिसळायची. आत्याचं लग्न झालं नाही. भावांच्या संसारात राहिली असं नातेवाईक म्हणतात. त्या भावांच्या फिया कुठून भरल्या गेल्या हे त्यांना सोयीनं आठवत नाही. असो, तो विषय वेगळा.

फोटो गोळा करायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी डोकं धरून बसले. घरच्या ग्रुपवर आत्याला सोडून निरोप टाकला होता, "आत्याचे जुने फोटो पाठवा." रात्रीपर्यंत ऐंशी फोटो आले. म्हणजे भिंतीवरच्या फोटोंचे मोबाईलनं काढलेले फोटो. काचेत ट्यूबलाइट दिसतेय, काढणाऱ्याचा अंगठा दिसतोय, आणि व्हॉट्सॲपनं दाबून बारीक केल्यामुळे चेहऱ्यांचा रवा झालेला. फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो आहे तसा येतो, हे मी तीन वेळा लिहिलं. चौथ्यांदा एका काकांनी फोन करून विचारलं, "डॉक्युमेंट म्हणजे रेशनकार्ड काय?"

मग रविवारी रविवारी स्वतःच फिरले. निपाणीच्या मामांकडचा अल्बम उघडला तर तंबाखूचा वास. कसर लागू नये म्हणून ट्रंकेत तंबाखूची पानं घालून ठेवलेली. त्या अल्बममधले फोटो सगळ्यात चांगले निघाले, काळ्या कागदावर, कोपऱ्यांत अडकवलेले. चंदगडच्या चुलत आजीकडं फक्त चार फोटो मिळाले, पण त्यातल्या एकात आत्या हसत होती, दात दिसेपर्यंत. खानापूरला मात्र पावसानं खाल्लेलं. तिथल्या भिंतींना चार महिने ओल असते, फोटो आतून काचेलाच चिकटलेले. काकू सुरी घेऊनच आल्या. मी अक्षरशः ओरडले. काचेला धरलेला फोटो ओढला की वरचा रंगाचा थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. तो काचेसकट स्कॅनरवर ठेवायचा, फ्रेम तेवढी काढायची.

नव्वदच्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बम त्याहून वाईट. वर प्लास्टिक, खाली गोंद, आणि तीस वर्षांत फोटो आणि पान एकजीव. तिथं आत्याचीच विद्या कामाला आली. शिवणाचा रेशमी दोरा ताणून धरायचा आणि फोटोच्या मागून, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडं, करवतीसारखा हळूहळू ओढत न्यायचा. एका फोटोला पाच मिनिटं लागतात. दोरा तिच्याच डब्यातून आणला होता. "कशाला पाहिजे गे?" म्हणाली. मी खोटं सांगितलं.

मी एका सोसायटीत कारकून आहे. साहेबांना विचारून रविवारी तिथला सपाट काचेचा स्कॅनर वापरला. सगळं ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके, असं केलं. डिजिटल फ्रेमवर नुसतं दाखवायचं तर ३०० पुरतं, पण मला कापायचं होतं, आत्याला कडेवरून मध्ये आणायचं होतं. सहा बाय चारच्या फोटोत तिचा चेहरा चिंचोक्याएवढा. एक सेंटिमीटर चेहऱ्याचे ३०० डीपीआयवर ११८ ठिपके मिळतात, ६०० वर २३६. म्हणून हौसेनं १२०० वरही करून बघितलं. फाईल चौपट झाली, चेहरा होता तेवढाच. मूळ कागदावरच जे उतरलेलं नाही ते स्कॅनर कुठून आणणार?

मुलानं मग मोबाईलवरच्या एका ॲपनं चेहरा स्पष्ट करून दाखवला. क्षणभर मी खूश झाले. मग नीट बघितलं, तर ॲपनं आत्याला दुसऱ्याच कुण्या बाईचे दात लावले होते. सरळ, पांढरेशुभ्र. आत्याचा पुढचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला आहे, आणि हसताना ती वरचा ओठ त्यावर ओढून घेते. ते सगळं गेलेलं. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग भरायचाही प्रयत्न झाला, त्यात आजीचं लुगडं जांभळं आलं. तिथंच ते बंद केलं. जिचा जन्म कापडात गेला तिच्यापुढं चुकीच्या रंगाचं लुगडं ठेवायची माझी छाती नव्हती.

फोटो कुठल्या सालचा हे ओळखायला पाठ बघायला शिकले. स्टुडिओचा शिक्का असतो. शिक्क्यात "बेळगाम, म्हैसूर स्टेट" असेल तर तो १ नोव्हेंबर १९५६ नंतरचा आणि १९७३ च्या आधीचा, कारण १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं. आत्या मुंबई राज्यात जन्मली, सहाव्या वर्षी म्हैसूर राज्यात गेली, तेविसाव्या वर्षी कर्नाटकात आणि चौसष्टाव्या वर्षी बेळगावीत, तेही मशीनवरून न उठता. नागमोडी कातरलेल्या कडा असल्या तर फोटो जुना. खाली कोपऱ्यात नारिंगी आकडे असले तर नव्वदीच्या आसपासचा, पण त्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. आमच्याकडच्या एका बारशाच्या फोटोत पोर जन्माच्या अकरा वर्षं आधीच पाळण्यात आहे. कॅमेऱ्यात तारीखच लावली नव्हती कुणी.

एकूण अकराशे चाळीस फोटो जमले. आत्या असलेले दोनशे बारा. ती मधोमध असलेले नऊ. त्या नऊंतले सहा आधारकार्डासारखे, ताठ.

निवडायला बसले तेव्हा आधी वर्षाप्रमाणे लावले. जमलं नाही. पहिल्या वीस वर्षांचे पाच फोटो आणि शेवटच्या दहा वर्षांचे दीडशे, कारण हल्ली कुकर उघडला तरी फोटो निघतो. म्हणून साल सोडून दिलं आणि जागा धरल्या. कट्टा, मशीन, मांडव, सहली (दोनच, एक गोकाकचा धबधबा आणि एक पंढरपूर), आणि शेवटी ती एकटी. एका लग्नाचे तीनहून जास्त घ्यायचे नाहीत. आणि फोटो धूसर असला तरी चालेल, तिचे हात दिसले पाहिजेत. हा शेवटचा नियम का केला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं, हात दिसले की फोटो तिचा वाटायचा एवढंच.

भांडणं झालीच. "आमच्या बाळाचा एकही नाही," इति पुण्याची वहिनी. ज्या काकांशी जागेवरून कोर्टात चाललंय ते तीन चांगल्या फोटोंत मध्येच बसलेले. भाऊ म्हणाला, त्यांना कापून टाक. मी म्हटलं, कापायचं काम त्या ऑनलाइन दुकानानं केलंय, मी नाही करणार. राहिले काका. माझ्या वडिलांचे फोटो आले तेव्हा एक आख्खा रविवार काही न होता गेला. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

आणि मग निपाणीच्या ट्रंकेत, अल्बममध्ये नव्हे, तळाशी वर्तमानपत्राच्या खाली, तो फोटो सापडला.

पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, त्यावर बाग आणि संगमरवरी जिना. आत्या वीस वर्षांची. नऊवार नव्हे, गोल साडी, दोन वेण्या पुढं घेतलेल्या, उजवा हात एका तिपाईवर, तिपाईवर कागदी फुलं. डावा हात मागं. लाजून नेला असावा तसा. मधोमध उभी, एकटी. पाठीवर म्हैसूर स्टेटचा शिक्का, "१९७०" आणि खाली आजोबांच्या अक्षरात, शाईनं, "पाहून परत करणे". वरच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीची भोकं. मी भिंग लावून मोजली, तीन जोड्या. म्हणजे तीन पत्रांना टाचून तो फोटो तीन घरी गेला होता आणि तीनदा परत आला होता.

हा घ्यायचा का?

वहिनी म्हणाली, "अजिबात नको. पंच्याहत्तरीला कुणी असलं काढतं का?" भाऊ म्हणाला, तिलाच विचार. विचारलं तर गुपित फुटणार. मुलगा म्हणाला, हाच सगळ्यात चांगला फोटो आहे, उजेड बघ. उजेड खरंच सुंदर होता. मी आठ दिवस तो घेत होते आणि काढत होते. शेवटी घेतला. कारण फार उदात्त नव्हतं. दोनशे बारा फोटोंत तिच्यासाठी म्हणून काढलेला हा एकच होता.

सत्तावन्न फोटो पक्के झाले. एकेकाला सहा सेकंद. पाचला मन भरत नव्हतं, आठला घरातली पोरं मोबाईल काढायची, करून बघितलं. सत्तावन्न सक बेचाळीसावर तीनशे, म्हणजे पाच मिनिटं बेचाळीस सेकंद.

गाणं ह्याहून अवघड गेलं, कारण फोटोंबद्दल मत असायला फोटो लागतात, गाण्याबद्दल प्रत्येकाकडं आधीच असतं. वहिनीला आईवरचं सिनेमातलं गाणं हवं होतं. गोव्याच्या बहिणीला बासरी. भावाला कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन. कुमारांचा जन्म इथल्याच सुळेभावीचा, १९२४ सालचा, त्यामुळे बेळगावकर त्यांना घरचेच धरतात. पण पिंजरा आणि उडून गेलेला हंस पंच्याहत्तरीच्या दिवशी ऐकवायचा? भाऊ म्हणाला, "अगं, सूर बघ." मी म्हटलं, "शब्दांचं काय करू? आत्या बहिरी नाही."

सिनेमातल्या गाण्याचं वेगळंच झालं. नमुना म्हणून ते घालून व्हिडिओ एका साइटवर फक्त घरच्यांना दिसेल असा चढवला, तर अर्ध्या तासात हक्काचा दावा आला आणि आवाज बंद. खासगी ठेवलं म्हणून सुटत नाही, तिथलं यंत्र सगळंच ऐकतं. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असतो, आणि कवीचा, संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. संतांचे शब्द मोकळे, पण चाल कुणीतरी परवा परवा बांधलेली असते. घरच्या टीव्हीवर लावायला कुणी येत नाही विचारायला, पण मला ते दुबईच्या भाच्यालाही पाठवायचं होतं.

खरी अडचण ही नव्हतीच. आत्याला काय आवडतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं तिच्या मशीनशेजारी रेडिओ चालू असतो, सकाळी सांगली, दुपारी धारवाड. ती कधी आवाज वाढवत नाही, कधी कमी करत नाही. "तुला कुठलं गाणं आवडतं?" असं सहज म्हणून विचारलं, तर म्हणाली, "लागंल ते."

शेवटी कॅसेटीनं सोडवलं. माझ्या वडिलांना टेपरेकॉर्डरचं वेड होतं. कपाटावरच्या खोक्यात ६० मिनिटांच्या सात कॅसेट मिळाल्या, एकीवर "दिवाळी, पोरांचे आवाज". आमच्या टू-इन-वनचा बेल्ट वितळून डांबर झालेला. खडेबाजारातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं तो स्पिरिटनं पुसून नवा घातला. कॅसेटीतला फेल्टचा बारका तुकडा, जो टेप दाबून धरतो, तो निखळला होता. मेस्त्रीनं दुसऱ्या कॅसेटीतला काढून चिमट्यानं बसवला आणि पेन्सिलीनं चाक फिरवत म्हणाला, "एकदाच वाजवा. तेवढ्यात काय घ्यायचं ते घ्या." हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला वायर जोडली, ऑडॅसिटी हे आवाज भरून घ्यायचं सॉफ्टवेअर चालू केलं आणि श्वास रोखून बसलो.

माझा चुलतभाऊ तीन वर्षांचा, कविता म्हणतोय, विसरतोय, वडील मागून शब्द पुरवतायत. आणि ह्या सगळ्याच्या मागं मशीन. टकटकटक, थांबणं, पुन्हा टकटक. आणि मशीनच्या तालात एक बारीक गुणगुण.

आत्या गातेय. मी तिला गाताना आयुष्यात ऐकलेलं नाही.

आधी मी मूर्खासारखं ते साफ करायला गेले. त्या सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या खरखरीचा एक तुकडा निवडून दाखवायचा असतो, मग ते सगळीकडची तसली खरखर काढून टाकतं. मी निवडलेल्या तुकड्यात मशीनही चालू होतं. मशीन गेलं, आणि आत्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, पाण्याखालचा झाला. परत मूळ घेतलं. खरखर किंचित, अगदी किंचित उतरवली आणि मशीन राहू दिलं.

शब्द कळेनात. मराठी नव्हते. शेजारच्या विणकरांच्या घरी गेले. तिथली अक्का आत्याहून दोन-चार वर्षांनी लहान असेल. कानाला मोबाईल लावून तिनं ऐकलं आणि म्हणाली, "हे अत्तेचं पद की."

"होय, आत्याच गातेय," मी म्हटलं.

"तुझी आत्या नव्हे गे. माझी अत्ते. सासू."

कन्नडमध्ये अत्ते म्हणजे आत्याही आणि सासूही. ते होतं बीसुकल्लिन पद, जात्यावरचं. आपल्या ओव्यांसारखंच, दळताना म्हणायचं. आत्या दहा-बारा वर्षांची असताना शेजारी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जायची, पैशाला डझनाच्या हिशेबानं, आणि तिथं अक्काची सासू पहाटे जात्यावर म्हणायची ते तिनं उचललं. अक्कानं दोन कडवी म्हणून दाखवली, मग तिसरं आठवेना. तिचाही आवाज तिथंच अडकला जिथं आत्या कॅसेटीत नुसती गुणगुणते. म्हणजे आत्यालाही पुढचं येत नव्हतं.

कामाचं निघालं ते बेचाळीस सेकंद. सात फोटोंपुरतं. तो स्टुडिओतला फोटो मी एक्कावन्नाव्या नंबरवर ठेवला, म्हणजे बरोबर पाच मिनिटं झाली की तो येणार आणि तिथूनच आत्याचं गाणं सुरू होणार. त्याआधीची पाच मिनिटं दुसऱ्या एका भाच्यानं वाजवलेली पेटी घातली, साधी, शब्दांवाचून. चित्राखाली नावं-गावं लिहायची हौसही सोडली. गाण्याचे शब्द, खालचे शब्द आणि चेहरा, तीन गोष्टी एकदम डोळ्यांत मावत नाहीत.

यंत्रानं शेवटपर्यंत पिडलं. दहा इंची डिजिटल फ्रेम घेतली होती, मशीनशेजारी ठेवता येईल अशी. भाच्याच्या आयफोनचे फोटो ती वाचेना, ते जेपेगमध्ये बदलून घेतले. व्हिडिओ एच २६५ ह्या नव्या प्रकारात केला होता, तर फ्रेमवर नुसता आवाज आणि काळा पडदा. एच २६४ ह्या जुन्या प्रकारात परत केला, मग लागला. ह्यात दोन रात्री गेल्या. मे महिन्यातच पाऊस लागला होता आणि रोज संध्याकाळी करंट जात होता.

१ जूनला घरात तीस माणसं. जेवणं झाली, कुंदा वाटून झाला. आत्याला मशीनच्याच स्टुलावर बसवलं, कारण खुर्चीत ती अवघडते. फ्रेम लावली. मी मनातल्या मनात सेकंद मोजत होते.

दुसऱ्याच फोटोला ती म्हणाली, "थांबव गे, थांबव."

थांबवला. मांडवातला फोटो. ती कडेला, पाण्याचा तांब्या घेऊन. मला वाटलं स्वतःला शोधतेय. तिनं चष्मा वर केला आणि फोटोतल्या मधल्या पोरीवर बोट ठेवलं. "हा झगा माझा. कापड कमी पडलं होतं. कॉलर दादाच्या जुन्या शर्टाची लावलो." (आमच्याकडच्या त्या वयाच्या बायका गेलो, आलो, लावलो असंच बोलतात.)

पुढं लावला. "थांब. हे ब्लाऊज. अस्तर नको म्हणत होती ती. मी लावूनच सोडलो. बघ कसं बसलंय." पुढं. "ही चड्डी तीन पोरांनी घातली. आधी ह्यानं, मग त्यानं, मग तुझ्या भावानं." पुढं. नवरीचं ब्लाऊज आदल्या रात्री उसवून परत शिवलेलं. वरमाईचा परकर. कोर्टकचेरीवाल्या काकांचा नेहरू शर्ट, "गळ्याचं माप देताना श्वास धरला होता बाबानं, मग घट्ट झाला म्हणून ओरडला." काकांचा मुलगा तिथंच बसला होता, तोही हसला.

पाच मिनिटं बेचाळीस सेकंदांना पावणेदोन तास लागले. पेटी कुणाला ऐकू आली नाही. दर सहा सेकंदांनी तिचा सूर तुटत होता. भाच्याचं तोंड उतरलं. मध्येच आत्या म्हणाली, "तो आवाज बंद कर की, दिसूलालंय तेवढं बास," तेव्हा तर त्यानं मान खालीच घातली.

आवाज बंदच होता, म्हणून एक्कावन्नावा फोटो मुका आला. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

आत्यानं स्वतःच बोटानं थांबवला. आतापर्यंत शिकली होती. बराच वेळ बघितलं. मग फोटोतल्या मागं घेतलेल्या डाव्या हातावर नख ठेवलं.

"पोलकं मीच शिवलो होतो. पहिलंच. डावी बाही उलटी लागली, बघ, शिलाई बाहेर दिसते. उसवायला वेळ नव्हता, बाबा दारात थांबलेले. म्हणून हात मागं घेऊन उभारलो."

कुणी काही बोललं नाही. टाचणीची भोकं स्कॅनमध्ये स्पष्ट दिसत होती. तीही तिनं बघितली असावीत, कारण मग ती म्हणाली, "तीन ठिकाणी गेला हा. एकानं पण बाही ओळखली नाही."

आणि खो खो हसली. वरचा ओठ दातावर ओढून न घेता.

मग मी आवाज चालू केला. शेवटचे सात फोटो सलग गेले, तिनं एकदाही थांबवलं नाही. ती ऐकत होती. पद जिथं अडकतं तिथं दारातून अक्काचा आवाज आला, पुढचं कडवं. तिला ते मधल्या पंधरा दिवसांत कुणाला तरी विचारून मिळालं होतं. आत्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली, मला वाटतं "आत्ता सांगतेस होय?" असं.

फ्रेम आता मशीनशेजारी असते, आवाज बंद करून, कारण रेडिओ चालू असतो. तिच्या उजेडात सुईत दोरा ओवायला बरं पडतं म्हणते. चार दिवसांनी तिचा फोन आला.

"एकतीस नंबरचा फोटो काढून टाक."

"का गं? चांगला आहे की. सगळी दिसतात त्यात."

"त्या झग्याचा घेर चुकलाय. येता-जाता दिसतो."

एक फोटो काढला की त्याच्या पुढचं सगळं सहा सेकंद आधी येतं, आणि पद एक्कावन्नाव्याऐवजी त्याच्या पुढच्या फोटोवर सुरू होतं. ते सगळं परत सरकवलं. नव्या पेनड्राइव्हवर छप्पन्न घालून शनिवारी देऊन आले.